चव घेणं म्हणजे पिणं नव्हे

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ६.५०
शनिवारपासून मेहुणा सहा आठवडे आपल्याकडे राहायला येतोय. नवी नोकरी याच शहरात लागली आणि भाड्याच्या खोलीचं काम अजून चालू आहे. त्याला दारू सोडून नऊ महिने झाले. काल बायको म्हणाली, तो असेपर्यंत घरात थेंबही नको. मी लगेच हो म्हणालो. तिला वाटलं होतं मी कुरकुर करेन. लग्नाला वीस वर्षं होऊनही माणूस ओळखता येत नाही काहींना.
मुळात मी पिणारा नाही. पिणारे वेगळे. मी दोन बिअर शेजारी शेजारी ठेवतो, रंग बघतो, वास घेतो, घोट तोंडात घोळवतो आणि वहीत लिहितो. याला अभ्यास म्हणतात. पाण्याच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं नमुने हुंगून हे नाक तयार झालंय. ते काय नुसतं क्लोरीन ओळखायला?
जिन्याखालच्या कपाटात सध्या बावीस बाटल्या आहेत. सगळ्या ऑफिसातल्या अकाउंटंटला देऊन टाकायच्या. ठरलं.

९ एप्रिल, बुधवार
अकाउंटंटला सहज विचारलं, गव्हाची बिअर कशी घेतोस. म्हणाला, बर्फ घालून.
बर्फ!
देणं रद्द. माणसाची काही जबाबदारी असते.
संध्याकाळी बायकोला रिकामं कपाट दाखवलं. सगळ्या गेल्या का, म्हणाली. गेल्या, म्हणालो. कपाटातून गेल्याच होत्या. तिने पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, माझ्या भावासाठी एवढं केलंस, तुला जड गेलं असेल. तेव्हा मात्र जरा कसंतरी झालं. जेवण नीट गेलं नाही. भात दुसऱ्यांदा घेतला, पण मन लागलं नाही.
बाटल्या गाडीच्या डिकीत आहेत. गाडी काही घरात येत नाही.

१२ एप्रिल, शनिवार
मेहुणा आला. हातात एक बॅग आणि हत्यारांची पेटी. आल्या आल्या स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त केला. मी तो दीड वर्ष करणार होतो. वजन उतरलंय, डोळे स्वच्छ झालेत. सोडा-लिंबू पितो आणि पेला स्वतः धुऊन ठेवतो.
या माणसाला आधाराची गरज आहे. मी त्याच्यावर लक्ष ठेवणार आहे. त्याला कळू न देता.

१५ एप्रिल, मंगळवार
उन्हाळा वाढलाय. ऑफिसबाहेरच्या उन्हात डिकी दुपारी भट्टीसारखी तापते. यातल्या बऱ्याच बाटल्यांत जिवंत यीस्ट असतं. उष्णतेने चव बिघडणार. म्हणजे लवकर संपवणं भाग आहे. मी वेळापत्रक आखलं आहे: रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, तळघरातल्या पार्किंगमध्ये, मागच्या सीटवर. घरी सांगितलंय, चालायला जातो. डॉक्टरने सांगितलेलंच आहे चालायला. डॉक्टरचं नाव खोटं घेतलं नाही, एवढं समाधान.
आजची तुलना: गव्हाच्या दोन बिअर. परदेशी बाटलीला पिकल्या केळ्याचा वास, मागे लवंग, फेस सायीसारखा, शेवटपर्यंत टिकलेला. इथल्या छोट्या कारखान्यातलीला केळं कमी आणि संत्र्याची साल जास्त. परदेशीला साडेआठ, इथलीला आठ. मग इथली थोडी गरम झाल्यावर लवंग वर आली, म्हणून तिलाही साडेआठ. न्याय झाला.
वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका काचेवर टकटक करून गेल्या. बरं वाटत नाहीये का, म्हणाल्या. ऑफिसचा फोन चालू आहे, म्हणालो. त्यांनी माझ्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. मी तो कानाला लावला नाही, एवढंच.
घरी शिरताना तोंडात तीन पेपरमिंट. बायकोने विचारलं, कुठपर्यंत गेला होतास? वाचनालयापर्यंत, म्हणालो. मेहुणा पेपर वाचत होता. त्याने मान वर केली आणि परत खाली घातली.

१८ एप्रिल, शुक्रवार
कडवटांचा दिवस. पहिल्या घोटाला मोसंब्याची साल, मग पाइनच्या झाडाचा चीक, मग जीभ पार कोरडी. दुसरी जरा सौम्य, पिकल्या आंब्याकडे झुकणारी. दुसरी श्रेष्ठ. खात्री करण्यासाठी पहिली पुन्हा उघडावी लागली. अभ्यासात पुनरावृत्ती लागतेच.
मेहुणा म्हणाला, भाऊजी, उद्यापासून मी पण येऊ का चालायला? संध्याकाळ मला जरा अवघड जाते.
मी म्हणालो, माझा वेग फार असतो.
तो बरं म्हणाला. नंतर खिडकीपाशी उभा राहून रस्ता बघत होता. ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. उद्या त्याला नक्की घेऊन जायचं. बिअर बंद. फक्त मठातली एक चाखायची राहिली आहे ती संपवून. ती परदेशातल्या ख्रिस्ती साधूंनी केलेली असते, तिला तसं पाहिलं तर बिअर म्हणताच येत नाही.

१९ एप्रिल, शनिवार
मठातली: मनुका, खजूर, जळलेली साखर, आणि घशात उतरताना ऊब. साडेनऊ. डोळ्यांत पाणी आलं. माणसं मठात राहून एवढं चांगलं काहीतरी करतात आणि आपण मेहुण्याला फिरायलाही नेत नाही.
मेहुण्याला नेणं राहिलंच. तो पेटी घेऊन कपाटाच्या बिजागऱ्या बसवत होता. कामात व्यत्यय नको.

२२ एप्रिल, मंगळवार
बाटल्या संपत आल्या होत्या, तर आज दाढीवाल्याच्या बिअरच्या दुकानासमोरून जाणं झालं. दुकान रस्त्यात नाही, पण रस्ते बदलत असतात. दाढीवाला म्हणाला, सर, नवीन माल आलाय, तुमच्यासारखी जीभ शहरात दुसरी नाही. खरं बोलणारी माणसं कमी झाली आहेत. सहा घेतल्या.
पाच ऑफिसच्या फ्रिजमध्ये, पाण्याच्या नमुन्यांच्या मागे. वर चिठ्ठी लावली: 'तपासणी बाकी, हलवू नये.' हे शंभर टक्के खरं आहे. सहावी, आंबट चेरीची, गाडीत ठेवली. ती रविवारी शांतपणे उघडायची.
बायको म्हणाली, एवढं चालतोस तरी पोट वाढतंच आहे. स्नायू, म्हणालो.

२६ एप्रिल, शनिवार
मेहुणा खोलीचं काम बघायला आपली गाडी घेऊन गेला. यायला दोन तास उशीर झाला. गवंडी वेळेवर आला नाही म्हणे. मी बायकोला म्हणालो, आपण त्याच्यावर संशय घ्यायचा नाही. ती म्हणाली, मी घेतच नव्हते. मी म्हणालो, तेच म्हणतोय.

२७ एप्रिल, रविवार. दुपारी ३
शांतपणे लिहितो.
सकाळी बायको बाजारात जायला खाली गेली. गाडीचं दार उघडलं तर आत आंबूस वास. ड्रायव्हरच्या सीटखाली काचा, आणि पायपुसणं लालभडक. चेरीची बाटली डिकीत नव्हती, मंगळवारी घाईत सीटखाली सरकवली होती, ती उन्हाने फुटली. (यीस्टबद्दल मी १५ तारखेलाच लिहून ठेवलं आहे. अंदाज अचूक होता.)
तिने आम्हा दोघांना खाली बोलावलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सरळ भावाला म्हणाली, "काल गाडी तुझ्याकडे होती. सीटखाली. अजून सीटखालीच ठेवतोस तू?"
त्याची ती जुनी जागा होती, हे मला आज कळलं.
तो म्हणाला, "ताई, माझी नाही."
ती म्हणाली, "तेव्हाही असंच म्हणायचास."
मी बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण हा भाऊ-बहिणीमधला नाजूक विषय, त्यात बाहेरच्याने मध्ये पडणं बरं दिसलं नसतं. शिवाय मी आधी नीट शब्द जुळवत होतो.
मेहुण्याने त्या डागाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बराच वेळ. मग वर गेला, बादली, साबणाचा चुरा आणि ब्रश घेऊन आला, आणि गुडघ्यांवर बसून गाडी धुतली. काचा वेचून कागदात बांधल्या, कचरा नेणाऱ्याच्या हाताला लागू नयेत म्हणून.
मी पाणी आणून दिलं. दोन बादल्या.

२७ एप्रिल, संध्याकाळी ७
बायको आतल्या खोलीत रडतेय. तिला सांगायचं. आजच. फक्त ती आता एवढी दुखावली आहे की अशा वेळी आणखी धक्का देणं म्हणजे क्रूरपणा होईल.

२८ एप्रिल, सोमवार
मेहुणा सकाळी गेला. खोलीला अजून खिडक्यांची तावदानं नाहीत. मी म्हणालो, राहा अजून. तो म्हणाला, नको भाऊजी. हत्यारांची पेटी जड होती म्हणून राहू दिली, नंतर नेतो म्हणाला.
ऑफिसात सात नमुने तपासले. सगळ्यांना चेरीचा वास येत होता. मदतनीस बाई म्हणाल्या, सर, हे तर नुसतं पाणी आहे.
निश्चय: १. बिअर पूर्ण बंद. २. बुधवारपर्यंत बायकोला सगळं सांगणं. ३. बुधवारपर्यंतच.

३० एप्रिल, बुधवार
सांगितलं! छातीवरचं ओझं उतरलं.
म्हणालो, ती बाटली माझी होती. जुनी, देताना सीटखाली घरंगळली असणार, माझ्या लक्षातच नव्हतं, त्या दिवशी आठवलं नाही, नंतर आठवलं. यातलं पहिलं वाक्य पूर्ण खरं आहे. एकूण कबुलीजबाबात एवढं प्रमाण पुष्कळ झालं.
ती खुर्चीत बसली. मग उठून भावाला फोन लावला. माफ कर, माफ कर, एवढंच म्हणत होती. तिकडून तो काय म्हणाला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "निदान तू खरं सांगितलंस. दुसरा कोणी बोललाच नसता."
रात्रीच्या जेवणाला माझ्या आवडीची भाजी केली. घशाखाली उतरेना. या वेळी खरंच उतरेना.
ऑफिसच्या फ्रिजमधल्या पाचपैकी तीन उरल्या आहेत. निश्चय क्रमांक एक उद्यापासून, कारण तो महिन्याच्या पहिल्या तारखेला जास्त शोभतो.

३ मे, शनिवार. सकाळी ११
मेहुणा पेटी न्यायला आला. बायको दुकानात गेली होती. आम्ही दोघंच. मी त्याला चहा केला.
म्हणालो, तू त्या दिवशी काही बोलला नाहीस, तुझे उपकार आहेत. आणि विचारलं, तुला शंका होती का.
तो म्हणाला, शंका कसली, पहिल्या मंगळवारपासून माहीत होतं. पेपरमिंटचा वास एवढा कोणी घरी आणत नाही.
मग मीच म्हणालो, वासाचा तुला त्रास झाला असणार, त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं.
त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "वासाचं काही नाही हो भाऊजी. वास तर रस्त्यावरही येतो. पण रोज साडेसातला ताई विचारायची, कुठपर्यंत गेला होतास, आणि तुम्ही सांगायचात. वाचनालयापर्यंत. पुलापर्यंत. आज वारा छान होता. ते ऐकवायचं नाही मला. ते सगळं माझं होतं. शब्दन् शब्द. मी बारा वर्षं तेच सांगत होतो तिला."
मी म्हणालो, माझं तसं नाही, मी फक्त चव घेतो.
तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "मी पण सुरुवातीला चांगलीच घ्यायचो."
मी विचारलं, ताईला सांगणार का. म्हणाला, नाही, ते तुमचं काम. पण मला परत राहायला बोलावू नका.
पेटी उचलून निघाला. जिन्यावरून आवाज दिला, नळाचा वायसर सहा महिन्यांनी बदला.

३ मे, दुपारी ४
सांगितलं. सगळं. वही पुढ्यात ठेवली. तिने पानं उलटली. तारखा बघितल्या. साडेआठ, आठ, साडेनऊ, पुनरावृत्ती. एकदाही ओरडली नाही. मी समजावून सांगत होतो की मठातली बिअर ही वेगळीच गोष्ट आहे, तेव्हा तिने हात वर करून थांबवलं.
म्हणाली, तो गुडघ्यांवर बसून गाडी पुसत होता, तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास.
मी म्हणालो, पाणी मीच आणून दिलं.
हे मी का म्हणालो, कळत नाही. वही मिटून तिने टेबलावर ठेवली, अगदी सरळ, कडेला समांतर. पर्समध्ये टूथब्रश टाकला. माझ्या भावाकडे जाते, म्हणाली. मी सोडायला येतो म्हणालो. म्हणाली, रिक्षा आहेत.

४ मे, रविवार. संध्याकाळी ७.४०
दिवसभर काही उघडलं नाही. हे लिहून ठेवतो, कारण अशा गोष्टींची दखल कोणी घेत नाही.
सात वाजता तिला फोन केला. तिकडे हातोडीचा आवाज येत होता. तावदानं बसवतोय तो, म्हणाली, मी धरून उभी आहे. मी म्हणालो, मी येऊ का मदतीला? मग म्हणाली, नको. कधी येशील, विचारलं. बघते, म्हणाली. मग घाईघाईने, तावदान निसटत असावं, म्हणाली, "तुझं तू बघ आता," आणि फोन ठेवला.
जेवणाबद्दल म्हणत असणार.