चौदा नंबरचे दोन बिल्ले

बोटीवरून,
बुधवार, १२ तारीख, दुपार

तीर्थरूप ताईंना नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत, एवढं लिहून तासभर झाला. पुढे पेनच हलेना. ते वाक्य राहू दे तसंच.

बोट लहान आहे, वीसच खोल्या. रोज एका गावाला थांबते आणि गाईड आम्हाला हाकत कधी किल्ला, कधी संग्रहालय दाखवून आणतो. तीन दिवसांत इतके राजे होऊन गेले की कोण कुणाचा मुलगा, डोक्यात नुसता गुंता झालाय.

उतरायच्या फळीपाशी एक बोर्ड आहे. माणशी एक बिल्ला, त्यावर खोलीचा नंबर, आमच्या दोन्हींवर चौदा. एका बाजूने लाल, दुसरीने निळा. उतरताना लाल करायचा, परतलं की निळा, ज्याचा त्याने. सगळे निळे झाले की बोट सुटते. ह्यांचा चष्मा, गोळ्या, रुमाल चाळीस वर्षं मीच बघतेय, तसा ह्यांचा बिल्लाही मीच फिरवायची.

काल दोन्ही निळे केले आणि खोलीत पाय चोळत बसले. बोट सुटली. अर्ध्या तासाने चहा घेऊन आलेल्या वेटरने विचारलं, साहेब कुठायत? ताई, मी तशीच अनवाणी कप्तानाकडे धावले. कप्तान भला माणूस, त्याने लगेच बोट वळवली.

हे संग्रहालयाच्या पायरीवर बसले होते, चपला शेजारी नीट जोडून. पहारेकरी म्हणाला, उठायलाच तयार नाहीत. मी हात धरला, तर परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, "मी इथून हलणार नाही. ताई न्यायला येणार आहे."

लहानपणी शाळेच्या पायरीवर तुम्ही असंच बसवून ठेवायचात ना त्यांना?

शेवटी मी म्हटलं, "ताईंनीच पाठवलंय मला." लगेच उठले.

आज सकाळी मला नेहमीसारखी हाक मारली. कालचं काहीच आठवत नाही म्हणतात. कालचे हे खरे की आजचे, मला कळेनासं झालंय.

तो विसरायला लागलाय, डॉक्टरला दाखव, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी नाही नाही ते बोलून फोन आपटला. तेव्हाही मला माहीत होतं, ताई. दोनदा शेजारच्यांच्या दाराला किल्ली लावत उभे होते. ही सहलही तुम्हाला दाखवायलाच काढली, की बघा, कसे ठणठणीत आहेत.

आणखी एक. बिल्ला फिरवताना मी मागे वळून पाहिलं होतं. हे दिसले नव्हते. तरी फिरवला. सवयीने, की घटकाभर एकटीला बसायला मिळावं म्हणून? कालपासून स्वतःला विचारतेय. खरंच सांगता येत नाही.

गाईड उद्या हे पत्र कुरिअरने पाठवेल. फोनवर तुमचा आवाज ऐकायची हिंमत नाही. पुढच्या मंगळवारी अकराला बोट शेवटच्या धक्क्याला लागेल. तुम्ही या. चार शब्द सुनावा, पण या. ताई न्यायला येणार आहे, असं मी आज त्यांना सांगून बसले आहे.

तुम्हीच पाठवलेली,
तुमची भावजय