उजवीकडचं पान

३ मार्च, मंगळवार

हिचे गुडघे कुरकुरतायत. थोरल्या सुनेचा खोकला उतरला. नातीचा हलणारा दात एकदाचा पडला. माझी छाती बरी. राहिला धाकटा, जहाजावरचा — तो कसा आहे, विचारायचं कुणाला? जहाजाशी बोलणं तुटून आज नऊ दिवस झाले. कंपनीचा माणूस फोनवर फार गोड बोलतो. त्या गोडाचीच मला धास्ती!

५ मार्च

बातमी नाही.

६ मार्च, शुक्रवार

चर्चची प्रार्थनावही मीच बांधलेली, दर रविवारी वाचतोही मीच. डावीकडे विनंत्या, उजवीकडे उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार. मागणं पुरं झालं की नाव उजवीकडे जातं. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं बांधता बांधता लिहाय-वाचायला शिकलो, आणि स्वतःच्या पोराचं नाव लिहायला हात उचलेना. लिहिलं आणि तो डावीकडेच राहिला तर? पाळकसाहेबांनी विचारलं, नाव घालायचं ना? म्हटलं, थांबा जरा. देव विश्वासू आहे, हे मी किती दुखणेकऱ्यांच्या उशाशी बसून सांगितलंय! आज तेच घशाखाली उतरत नाही.

८ मार्च, रविवार

फजिती झाली. वाचता वाचता उजव्या पानावर आलो — तिथे धाकट्याचं नाव. अक्षर हिचं! जीभ पुढे गेली, थांबायचं सुचलंच नाही. मंडळी उठली. पहिल्या बाकावरचा सुतार गळ्यात पडला, पाळकबाई रडायला लागल्या. सगळ्यांना वाटलं, पोरगा सापडला. भर सभेत सांगावं लागलं की अजून काहीच कळलेलं नाही. मग कुणाला बसावं की उभं राहावं, कळेना.

घरी येऊन हिच्यावर खेकसलो. चारचौघांत तोंडघशी पाडलंस म्हणालो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आभार मानलेत. सापडला असं कुठे लिहिलंय?"

"मग आभार कशाचे?"

"एकतीस वर्षं दिला, त्याचे. आणि आत्ता असेल तिथे देवाच्या नजरेआड नाही, त्याचे. तुम्हाला डावीकडे लिहायचाही धीर होईना. कुणीतरी लिहायला नको?"

उठून मी चहा केला. साखर घालायची राहिली. तिने तसाच प्यायला.

१० मार्च

त्यांच्या जहाजाचा एक तराफा सापडला. सहा जण जिवंत आहेत. नावं उद्या कळवतील. ही दिवसभर गुणगुणत होती. मी फोनपासून हललो नाही.

११ मार्च, बुधवार

त्या सहा जणांत तो नाही. शोध थांबवला.

दुपारी हिने वही माझ्या पुढ्यात टाकली, पेन हातात दिलं. "खोडा ते नाव." एवढंच बोलली.

पेन कानामागे खोचलं, वही मिटली. रविवारी वाचणार — उजवीकडचंच. इतके दिवस माझ्या वाट्याचा विश्वास तिने धरून ठेवला. आता तिच्या वाट्याचा मी धरीन.

देवा, मला उत्तर उशिरा दिलंस तरी चालेल. तिला मात्र लवकर दे.