कुरण मधून कापायचं असतं

४ फेब्रुवारी

चि. मुंगळ्यास,
अ. उ. आ. एवढं सवयीने लिहून झालं. आता पुढचं वाच.

काल संवर्धन मंडळाचं पत्र आलं. महोदया, खालच्या कुरणाचा भाडेपट्टा या वेळी आपल्याला देता येत नाही याचा खेद वाटतो. खाली सही तुझी. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. ज्याला मी नाक शिंकरायला शिकवलं तो मला महोदया म्हणतो आणि वर खेद वाटून घेतो! खरंच वाटला का रे, की तोही छापीलच?

इतकी वर्षं ती राखीव जमीन मी पट्ट्याने घेतली. माझ्या गाई तिच्यावर जगल्या आणि तीही माझ्या गाईंमुळेच कुरण राहिली, नाहीतर कधीच झुडपांनी भरली असती. आता ती कंपनीला. प्लास्टिकखाली स्ट्रॉबेरी लावणार म्हणे, वरच्या अंगाला कॉफीचं दुकान आणि गाड्या लावायला जागा. शेजारीण म्हणाली, तुमचा भाचा त्या समितीचा चिटणीस ना, मग असं कसं? मी म्हटलं, मलाही तेच विचारायचंय.

समितीच्या त्या खोलीत तू असताना हे झालं कसं, एवढंच कळव. सूनबाईंना आशीर्वाद, तो मात्र मनापासून.

लोभ किती ठेवायचा ते उत्तर वाचून ठरवीन.
तुझी आत्या

९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बायकोने आधी वाचलं आणि माझ्यापुढे आपटून निघून गेली. त्यावरूनच आत काय असेल ते समजलं.

मी खोलीत नव्हतो. अर्जदार नात्यातला असला की त्याचा विषय निघताच उठून बाहेर जायचं, असा नियम आहे. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. सहीचं म्हणशील तर सगळ्याच पत्रांवर चिटणीस सही करतो.

पण आत्या, तू चिडलीस तसा मीही चिडलोय. काल तुझा अर्ज काढून वाचला. कुरणाची निगा कशी राखणार, या प्रश्नाखाली पानभर जागा आहे. कंपनीने नकाशे जोडून पानांमागून पानं भरलीत. तू काय लिहिलंस? नेहमीप्रमाणे. एक शब्द! त्यात समिती पाहणीला आली तेव्हा कडेचं गवत तसंच उभं. त्यांनी शेरा मारला, अर्धवट कापणी, दुर्लक्ष. निगेचे गुण शून्य. चार ओळी लिहायला काय हात दुखत होता?

महिनाअखेरपर्यंत हरकत घेता येते, आणि ती अर्जदारानेच घ्यावी लागते. रागाला जरा बाजूला बसव आणि घे.

लोभ कमी केलास तरी चालेल, बंद करू नकोस.
तुझा मुंगळ्या

१३ फेब्रुवारी

मुंगळ्या,
आशीर्वाद शाबूत आहेत, पण आज ते बाहेर काढणार नाही.

नेहमीप्रमाणे का लिहिलं? कारण वाचणारा तू होतास. इतरांना कळलं नाही तरी तू सांगशील, असं मी धरून चालले. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. पिल्लं पळायला लागेपर्यंत कापणीचं यंत्र आत न्यायचं नाही. मग कापायचं ते मधून सुरू करून कडेकडे, म्हणजे पिल्लांना बाहेर पळायला वाट राहते. कडेने सुरुवात केली की ती बिचारी मधेमधे सरकत जातात आणि शेवटच्या पट्ट्यात सगळी पात्याखाली येतात. कडेचं गवत त्यांना लपायला ठेवते. हे तुला मी सांगायचं? लहानपणी यंत्रापुढे टाळ्या पिटत तूच पळायचास, टिटवीपेक्षा जास्त ओरडत!

आणि तू बाकावर जाऊन बसलास. मी तुझं मत मागितलं नव्हतं रे. उठून जाताना दारात एवढंच म्हणाला असतास, की कडेचं गवत मुद्दाम ठेवलेलं असतं, तर काय जीभ झडली असती?

कंपनीचा माणूस येऊन गेला. गोड बोलतो मेला, त्याचाच जास्त राग येतो. म्हणाला, दोन गाई ठेवून घेऊ, तुम्ही गवताची टोपी घालून पाहुण्यांमध्ये हिंडा, पगार देऊ. मी म्हटलं, गाईंना विचारते, टोपी त्यांना हवी असेल. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

हरकत घेणार नाही. कुणाच्या दारात उभं राहायची मला सवय नाही.
आत्या

१८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

दारात ते एक वाक्य बोलणंही नियमाबाहेरचंच होतं. पण खरं सांगू? नियम आहे म्हणून मला हायसं वाटलं होतं, आणि ते आठवून आता स्वतःचाच संताप येतो.

मंडळातल्या माझ्या साहेबांना विचारलं, सुनावणीत मी साक्ष देऊ का. ते म्हणाले, आत्याची बाजू मांडणारा चिटणीस दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दिसेल. मी म्हटलं, चिटणीसपद सोडतो. त्यावर ते म्हणाले, पद सोडशील, भाचेपण कसं सोडशील?

तेव्हा बोलायचं तुलाच. आपलं भांडण आपण नंतर पुरं करू, माझ्याकडचंही बरंच शिल्लक आहे. टिटव्यांना त्याच्याशी काय? हरकतीचा कागद सोबत पाठवतोय. एका शब्दात भरलास तर स्वतः येऊन फाडीन.

राग आणि लोभ दोन्ही पूर्ववत असावेत.
तुझा मुंगळ्या

६ मार्च

चि. मुंगळ्यास,
अ. उ. आ.

तुझा हरकतीचा कागद पुरा भरून दिला होता. काल सुनावणीला जाताना तू बाकावर दिसलास. येताना मी थांबले नाही. थांबले असते तर रस्त्यातच एकतर भांडले असते, नाहीतर रडले असते. म्हणून लिहिते.

आधी आवाज कापत होता. मग समोरच्या एकाने जांभई दिली आणि मला असा संताप आला की सगळं घडाघडा बोलले. अध्यक्षबाईंनी नीट ऐकलं, खोदून खोदून विचारलं, शब्दन् शब्द लिहून घेतला. मला वाटलं, जिंकले.

पट्टा कंपनीलाच. म्हणाल्या, अर्जात जे नव्हतं त्याला आता गुण देता येत नाहीत. पण मी सांगितलेलं सगळं कंपनीच्या पट्ट्यात अटी म्हणून घातलं. टिटव्या अंडी घालतात त्या खालच्या भागात प्लास्टिक नाही, पिल्लं पळेपर्यंत यंत्र नाही, कापणी मधून, कडा राखायच्या. माझं बोलणं ठेवून घेतलं आणि मला घरी पाठवलं! वर विचारतात, यंत्रवाल्याला एकदा येऊन दाखवाल का? नाही म्हटलं तर पिल्लं मरणार. हो म्हणाले. हो म्हणताना दात इतके आवळले होते की अजून जबडा दुखतोय.

टिटव्या वाचल्या, आता आनंद मान, असं सगळे सांगतील. तू सांगू नकोस. आनंद आहे, पण राग त्याहून मोठा आहे आणि शहाणी म्हणवून घेण्यासाठी तो मी गिळणार नाही.

गाई गुरुवारी सकाळी पलीकडच्या गवळणीकडे जातील. थोरली सहजी गाडीत चढायची नाही. मागून एकाने रेटायचं आणि पुढून ओळखीच्या आवाजाने तिला हाक मारायची, तेव्हा पाऊल उचलते. मागून मी रेटीन. पुढे उभं राहून तिच्या डोळ्यांत बघणं माझ्याने व्हायचं नाही. तू ये. साहेबांना विचारू नकोस, ये.

तुझ्यावर अजून रागावलेली, तुझीच
आत्या