वेसच्या अंगात जिद्द नाही

२५ ऑगस्ट, रविवार

बीपी वाढलंय. आमच्या अंड्यांच्या कारखान्यातली नर्स म्हणाली, रोंडा, जे ओरडावंसं वाटतं ते ओरडू नकोस, वहीत लिहून काढ. मी म्हटलं, मी कधी ओरडते? पडद्याच्या पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. मूर्ख.

तर लिहिते. शाळा नववीत सोडली, त्यामुळे सुंदर वगैरे येणार नाही.

माझ्या पोराचं, वेसचं, शाळेतलं शेवटचं वर्ष. फुटबॉलचंही शेवटचं, म्हणजे आमच्याकडे हाताने खेळतात तो. लांबून फेकलेला बॉल धरायचा आणि पळत सुटायचं, एवढंच त्याचं काम. आमचं गाव एवढंसं की अकरा पोरं जमत नाहीत, आठ-आठच्या टीम खेळतात. तरी असं पोरगं सगळ्या नेब्रास्कात नाही. मी आई म्हणून सांगत नाही, सगळेच म्हणतात. एका हाताने बॉल काढतो, झाडावरचं सफरचंद काढावं तसा. आणि पुढच्याच शुक्रवारी तोच बॉल तोच पोरगा असा सोडतो की बघवत नाही. देवाने हात दिले, जिद्द द्यायला विसरला.

या वर्षी ठरवलंय, त्याला एक शब्दही बोलायचं नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

पहिला सामना, घरचा. ठरल्याप्रमाणे गप्प बसले. म्हणजे कुंपणाला धरून उभी होते. फक्त "पळ" म्हटलं. एक-दोनदा "हात लाव की मेल्या" म्हटलं. घंटा तर सगळ्याच आया वाजवतात. माझी मोठी आहे, कारण ती बापाच्या गाईची होती आणि ती गाय मोठी होती.

पोराने एक बॉल धरला नाही. एक तर छातीवर आदळून खाली. शी! अंगावर काटा आला. समोरच्या टीमचे लोक हसले.

येताना गाडीत काही बोलले नाही. काय काय चुकलं त्याची फक्त आठवण करून दिली. तो खिडकीतून मक्याकडे बघत होता. जिद्द असलेलं पोरगं मक्याकडे बघत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

जायला जमलं नाही. कारखान्यात एक बाई आली नाही म्हणून मला डबल शिफ्ट. मधल्या सुट्टीत कळलं, वेसने तीन टचडाउन केले, म्हणजे तीनदा बॉल घेऊन शेवटची रेघ ओलांडली. अंड्यांच्या पट्ट्यावरच्या पोरी माझ्या पाठीत थापा मारायला लागल्या.

समोरची टीमच रद्दी असणार. नाहीतर हा? मी नव्हते म्हणून खरं काय घडलं ते सांगणारं कुणी नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

बाहेरगावचा सामना. कारखान्यात पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि गेले. निघताना वेस म्हणाला, आई, एवढी उभी राहून दमतेस, आज घरीच थांब ना. पोरगं मनाने चांगलं आहे. आईचे पाय दिसतात त्याला, बॉल तेवढा दिसत नाही.

दुसऱ्या भागात कोचने त्याला बाकावर बसवला. बरोबर केलं. बसल्या बसल्या तो पाणी पीत होता! मैदानावर आपले मार खाताहेत आणि हा पाणी पितोय. मी कुंपणावरून ओरडून विचारलं, गोड आहे का रे? सगळ्या बाकाने माना खाली घातल्या. लाज वाटली असणार त्यांना, त्याच्यामुळे.

सामना हरलो. गाडीत बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ड्वेन चालवत होता. नवरा म्हणून तो चांगला आहे, पण एखाद्या गोष्टीवर मत विचारलं की रेडिओ मोठा करतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

दाढ सुजली. गाल भोपळ्यासारखा. घरूनच रेडिओवर ऐकलं. वेसने दोन्ही हातांनी, एका हाताने, पडता पडता, सगळ्या तऱ्हेने बॉल धरले. रेडिओवाला म्हणाला, आज हा पोरगा कुणी वेगळाच वाटतोय. मला तिडीक आली. वेगळा कसा? तोच आहे, माझाच आहे!

स्वयंपाकघरातून सारखी ओरडत होते. दाढ ठणकत होती तरी. पोचलं असणार काहीतरी. आईची तळमळ पोचते.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दाढ बरी. गेले. वेस खेळला नाही. म्हणजे खेळला, पण प्रेतासारखा. काय लिहू? वीट आला.

३० सप्टेंबर, सोमवार

कोच लिंडक्विस्ट घरी आला. शाळेत माझ्या मागे दोन वर्षं होता, कायम नाक गळायचं. आता गावचा राजा.

म्हणाला, २५ ऑक्टोबरच्या सामन्याला एका मोठ्या कॉलेजचा माणूस येतोय. आमच्यासारख्या गावात असा माणूस कधी आला नव्हता. वेसचे हात त्याला फिल्मवर दिसलेत, आता बघायचंय ते पोराच्या अंगात जिद्द आहे का. आवडला तर चार वर्षं शिक्षण फुकट, राहणं फुकट, जेवण फुकट.

मी म्हटलं, जिद्दीचं मी बघते. कोच कॉफीच्या कपात बघत राहिला. मग म्हणाला, रोंडा, एखाद-दुसरा सामना तू घरून ऐकून बघ की. मी म्हटलं, का रे, माझ्या घंटेने तुझे कान दुखतात? म्हणाला, तसं नाही. मग कसं? तर उठलाच. जाताना कॉफीसुद्धा संपवली नाही. असल्या माणसाच्या हातात पोरं दिल्यावर जिद्द कुठून येणार?

पण कॉलेजचं खरं आहे. ते नाही झालं तर जूनमध्ये वेस माझ्या शेजारी पट्ट्यावर उभा राहील. अंडं उजेडासमोर धरायचं, आत रक्त दिसलं की बाजूला. मी ते बावीस वर्षं करतेय. कुजकं अंडं फुटलं की वास केसांत बसतो, तीन वेळा धुतलं तरी जात नाही. चर्चमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असते ती काही उगाच नाही.

त्याच्या केसांना तो वास येता कामा नये. बस.

५ ऑक्टोबर, शनिवार

टीमसाठी शाळेत राजमा-खिम्याची तिखट चिली आणि दालचिनीच्या रोलचं जेवण होतं. सगळं गाव. शेवटी सोडत. आणि मला पहिलं बक्षीस! शेजारच्या मिझुरी राज्यातल्या हॉटेलात दोन रात्री, गरम पाण्याचा तलाव, सकाळचा नाश्ता. जन्मात कधी काही लागलं नव्हतं. तिकीट घेतल्याचं आठवत नाही, पण घेतलं असेल.

ज्वेलने माझं नाव वाचलं. ज्वेल म्हणजे मैदानावर खाण्याचे पदार्थ विकायची खिडकी चालवते ती, माझी पहिलीपासूनची मैत्रीण. नाव वाचल्यावर सगळी शाळा उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. टीमची पोरं शिट्ट्या मारत होती. कोचच्या डोळ्यांत तर पाणी. गाव माझ्यावर एवढा जीव टाकतं हे माहीत नव्हतं.

मग चिठ्ठी वाचली. तारीख ठरलेली: २५ ऑक्टोबर. मी तिथल्या तिथे उभी राहून सांगितलं, ज्या दिवशी माझ्या पोराचा निकाल लागायचा त्या दिवशी मी गरम पाण्यात बसू? बक्षीस माझ्या बहिणीला द्या.

सगळ्यांची तोंडं एकदम उतरली. असा त्याग लोकांना पाहवत नाही. घरी आले तर ड्वेनने माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली. त्याला एवढ्या लवकर कुणी सांगितलं?

१० ऑक्टोबर, गुरुवार

ज्वेलशी संबंध तोडले.

मैदानावर लहान पोरांचा सामना होता, तिला मदत करायला गेले होते, सॉसेज उकडायला. मी म्हणत होते, पंचवीस तारखेला मी त्या कॉलेजवाल्याच्या शेजारीच बसणार, पोरगा नीट समजावून सांगणार. ज्वेलने चिमटा खाली ठेवला. म्हणाली, रोंडे, तुला कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. दोन वर्षं गाव बघतंय. तू नसलीस की वेस खेळतो. तू असलीस की त्याचं डोकं बॉलकडे नसतं, कुंपणाकडे असतं. सोडत आम्ही घडवून आणली. वर्गणी काढली होती, बाई. कोचने सगळ्यांत जास्त दिले.

मी म्हटलं, तुझी सॉसेज रबरासारखी असतात, गेली दहा वर्षं.

घरी आले. किळस आली. एका चांगल्या पोराच्या आळसाचं खापर आईवर! आणि माझ्या नावाने वर्गणी, जसं काही मी छप्पर गळणारं चर्च आहे.

ड्वेनला विचारलं, तुलाही असंच वाटतं का. त्याने रेडिओ मोठा केला. रेडिओवर मक्याचा भाव चालला होता.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

ज्वेलला खोटं पाडायचं ठरवलं. सामना बाहेरगावी. वेसला सांगितलं, मला शिफ्ट आहे. ड्वेनचा शिकारीचा कोट घातला, टोपी डोळ्यांपर्यंत, आणि समोरच्या टीमच्या लोकांत जाऊन बसले. घंटा घरी. तोंडाला कुलूप. म्हणजे मी तिथे आहेही आणि नाहीही. बघू आता कसा खेळतो.

खेळला. काय खेळला! माझ्या शेजारचा म्हातारा त्यांच्या बाजूचा, तोही शिव्या देता देता म्हणाला, त्या पोराच्या हाताला डिंक लावलाय की काय. मी म्हटलं, मला काय माहीत, मी ओळखत नाही त्याला. जीभ चावली.

मग एक उंच बॉल आला. वेस एकटा, पुढे कुणी नाही, नुसतं हिरवं मैदान. तोंडातून गेलं. एकच शब्द, "पळ". तोही हळू. मला हळू वाटला.

पोरगा मधेच थबकला. मान वळवून थेट त्या सगळ्या परक्या लोकांत मला शोधायला लागला. बॉल हेल्मेटवर आपटून बाहेर.

शेजारचा म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, आभारी आहे, बाई.

यातून सिद्ध काय झालं? एका शब्दाने पोराचं लक्ष उडतं. म्हणजे जिद्द नाहीच. मी म्हणत होते तेच.

घरी आले. वेसने माझ्यासाठी जेवण झाकून ठेवलं होतं. कोट बघूनही काही बोलला नाही. त्यापेक्षा भांडला असता तर बरं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या. सगळं ठरलंय. कॉलेजवाल्याच्या शेजारी बसायचं. घंटा न्यायची, पण वाजवायची नाही. अगदी गरज पडली तरच. वेस सकाळी दूध पिताना म्हणाला, आई, उद्या येणार आहेस ना? मी म्हटलं, येणार म्हणजे, पुढच्या रांगेत! तो म्हणाला, बरं. दूध अर्धंच टाकून उठला.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

कॉलेजवाला चाळिशीचा, बुटका, गुडघ्यावर वही. मी जाऊन शेजारी बसले, सांगितलं मी त्याची आई. त्याने अदबीने टोपी काढली. मी पोराबद्दल सांगायला लागले. पहिला बॉल पडला. मी घंटा धरून ठेवली. दुसरा बॉल पडला. वाजली. तिसऱ्याला वेसने हातच वर केले नाहीत. बॉल येतोय आणि हा पुढच्या रांगेकडे, माझ्याकडे बघतोय, शाळेत पहिल्या दिवशी सोडून आले होते तेव्हासारखा.

कॉलेजवाल्याने पेनचं टोपण लावलं. म्हणाला, हात सुंदर आहेत हो. पण मन नाही दिसत खेळात. पोराला हे हवंय असं वाटत नाही.

हेच मी ऑगस्टपासून म्हणतेय. शब्द न् शब्द तोच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि किळस आली. वाटलं त्याच्या कानाखाली वाजवावी. मी म्हटलं, हवंय त्याला! तुम्हाला काय माहीत? अंगणात टायर टांगून एकटा तासन्‌तास त्यातून बॉल फेकत बसतो, मी कामावर आहे असं समजून. मी पाठमोरी असले की माझ्या घरात तो वेगळाच पोरगा असतो.

हे म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं.

मध्यांतर झालं. कॉलेजवाला घड्याळ बघत होता. मी म्हटलं, निघू नका. पाय गारठलेत, मी गाडीतून ब्लँकेट घेऊन येते, तोवर बसा. तो म्हणाला, बसतो.

गाडी मैदानाच्या मागे, जिथून फक्त दिवे दिसतात. आत बसले. दार लावून घेतलं. ब्लँकेट शोधायला लागले.

थोड्या वेळाने मैदानावर एकदम ओरडा झाला. भोंग्यावरून नाव आलं, कुचेरा. आमचं आडनाव. काच जराशी खाली केली. शोधत राहिले. पुन्हा ओरडा, पुन्हा कुचेरा. पुढे पुढे भोंगेवाल्याचा आवाज बसला. तोंडावर मूठ धरून बसले होते, शब्द बाहेर पडू नये म्हणून. दात उमटलेत बोटांवर.

लोक बाहेर पडायला लागले तेव्हा कॉलेजवाला आपल्या गाडीकडे चालला होता. मला बघून खिडकीशी आला. म्हणाला, सोमवारी कोचला फोन करतोय, पोराला कॉलेज बघायला बोलवायचंय. मग वाकून विचारलं, मध्यांतरात तुम्ही जाऊन काय सांगितलंत हो त्याला? त्यानंतर नुसता पेटला होता.

मी म्हटलं, काही नाही. काहीच नाही.

तो म्हणाला, आणि ब्लँकेट सापडलं का?

ते माझ्या मांडीवर होतं.