पुठ्ठ्याची किल्ली

२ मार्च, रविवार

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ. सवयीने लिहिले आहेत, त्यावरून माझा मूड ओळखू नकोस.

स्टूल मी जोर लावून परत ओढलं, तेव्हा ते वॉचमनच्या हातातून सुटलं आणि माझ्याच नडगीवर आपटलं. तिथे आता काळंनिळं झालंय. वॉचमन म्हणाला की बाई, मला वरून सांगितलंय, म्हातारीला उठव. मी म्हटलं की वर कोण आहे ते जरा मान वर करून बघ. त्याने बघितलं. वर बोर्डावर आई होती. खाली स्टुलावरही आई होती. तो गेटमध्ये जाऊन उभा राहिला.

तो बोर्ड तुला आठवत असेल. बुकिंगच्या दिवशी त्यांनी आपल्या हातात पुठ्ठ्याची सोनेरी किल्ली दिली होती, माणसाएवढी. एक टोक तू धरलंस, एक मी, मध्ये आई तिच्या राखाडी शालीत. फोटोवाल्याने हसायला सांगितलं आणि ती कधी नव्हे ती मनापासून हसली. पुढे इमारत चौथ्या मजल्यावर थांबली आणि आपला आठवा हवेत राहिला. केस जिंकून वर्ष होत आलं. मुद्दल आणि व्याज परत करा असं निकालात स्वच्छ लिहिलंय, तरी बिल्डर दमडी देत नाही. पण बोर्ड आहे तिथेच आहे. रंग उडाला की नवा छापून लावतात. दर वेळी आई थोडी आणखी गोरी होते.

आज सकाळी ती बाजारात जाऊन येते म्हणाली. दुकानात एक गिऱ्हाईक चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आलं, त्याने सांगितलं की तुमच्या बोर्डाखाली तुमची आई बसलीय. मला थट्टा वाटली. जाऊन बघते तर खरंच. तीच शाल, आपल्या स्वयंपाकघरातलं स्टूल. सॅम्पल फ्लॅट बघायला आलेले लोक गाडीतून उतरून आधी वर बघत होते, मग खाली, आणि मग तिच्याजवळ येऊन विचारत होते. ती कोणाला हाक मारत नव्हती. घर मिळालं का विचारलं तर नाही म्हणायची. पैसे परत मिळाले का विचारलं तरी नाही म्हणायची. बस, एवढंच.

हे तिच्या डोक्यात कोणी घातलं? मागच्या पत्रात तू हप्त्यांचं रडगाणं लिहिलंस, ते तिने दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. आता समाधान झालं का?

फोन करू नकोस. मागच्या वेळी आपण एकमेकांवर इतके ओरडलो की ती न्हाणीघरात नळ सोडून बसून राहिली. तेव्हाच तिने फर्मान काढलंय, भांडायचं तर लिहून भांडा. म्हणून लिहितेय.

लोभ आहे. आज शोधूनही सापडणार नाही.
ताई


६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार पोचला असं समज, पुढचं सगळं रागाचं आहे.

मी घातलं? आई तुझ्याकडे राहते. तू लोकांना चष्मे विकतेस आणि घरातून स्टूल गेलेलं तुला दिसत नाही. या वयात तिला रस्त्यावर बसवलंस. तू नाही बसवलंस म्हणशील, पण गेली दोन वर्षं घरात सकाळ-संध्याकाळ एकच विषय कोण काढतं? तिने ऐकलं आणि केलं. तू नुसती बोलतेस.

माझं ऐक. मी रोज दुसऱ्यांच्या लिफ्टा दुरुस्त करतो. चाचणीला आठव्या मजल्यापर्यंत जातो, दार उघडतं, समोर कोणाचं तरी घर असतं. बाहेर चपला, आतून फोडणीचा वास. मी पाना खिशात टाकतो आणि खाली येतो. पगार झाला की आधी नसलेल्या घराचा हप्ता जातो, मग असलेल्या घराचं भाडं. उरतं त्यात आम्ही दोघं जेवतो. बायकोला सातवा महिना लागलाय आणि घरमालकाने खोली सोडायला सांगितलीय, कारण त्याला इमारतीत रडणारं मूल नकोय.

काल बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला. मुद्दल देतो म्हणाले, व्याज सोडा, तडजोडीच्या कागदावर तिघांच्या सह्या द्या. मी घ्यायचं म्हणतो. तू निकालातलं व्याज दाखवशील. निकाल भिंतीला टांगला तर त्याखाली माझं पोर झोपणार आहे का?

आईला त्या स्टुलावरून उठव. नाहीतर मी येऊन उठवतो.

लोभ असावा. मुद्दलच दे, व्याज सोडलं तरी चालेल.
तुझा धाकटा


१० मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ. या वेळी खरे आहेत.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तुझ्यासाठी चांगल्या चार शिव्या जमवल्या होत्या. व्याज सोड म्हणणाऱ्याला आईने घर विकून दिलेल्या पैशांची किंमत कळत नाही, अशी सुरुवात होती. ती आता वाया गेली. काय झालं ते क्रमाने सांगते.

काल रविवारी आई पुन्हा जाऊन बसली. मी दुकान बंद ठेवून तिच्या मागे उभी राहिले. तू लिहिलंस ना, मी नुसती बोलते. दुपारी एक नर्स आली, ड्यूटीवरून थेट, पायात अजून पांढरे बूट. आईला बघून तिचा चेहरा उजळला. तुम्हीच ना त्या, असं म्हणून तिने आईचे दोन्ही हात धरले. तिने तीन ठिकाणी घरं बघितली होती. कुठे भरवसा वाटेना. मग हा बोर्ड बघितला आणि नवऱ्याला म्हणाली, "या बाई खोटं हसणाऱ्यांतल्या वाटत नाहीत." गेल्या महिन्यात तिने बुकिंग केलंय. हे ती आईला आभार मानल्यासारखं सांगत होती.

आईने तिला खरं काय ते सांगितलं. नर्सने हात सोडले. आमच्याकडे बघून नाही, खाली बघून. थोड्या वेळाने टायरच्या दुकानाचा मालक आला, त्याचीही तीच कथा. घरी आल्यावर आई जेवली नाही. मी ताट वाढलं, तिने ते झाकून ठेवलं.

या दोघांच्या मधल्या वेळात बिल्डर स्वतः खाली आला. बाप गेल्यापासून हा मुलगा सगळं बघतो. वागायला अतिशय गोड, अत्तर भरपूर. आम्हाला सॅम्पल फ्लॅटमध्ये नेऊन गार पाणी दिलं. मी तिथल्या पलंगावर बसले. तो आखूड आहे, मोठ्या माणसाचे पाय बाहेर येतील एवढा आखूड. खोली मोठी दिसावी म्हणून तसा करून घेतलाय. आपण तेव्हा तिघं त्या खोलीत फिरलो आणि एकालाही दिसलं नाही.

तर आता तो व्याजासकट सगळं द्यायला तयार आहे. दोन अटी आहेत. आईने पुन्हा तिथे बसायचं नाही. आणि कागदावर लिहून द्यायचं की आम्ही पूर्ण समाधानी आहोत आणि आमचा फोटो वापरायला आमची हरकत नाही.

मी हो म्हणायचं म्हणते. ज्या व्याजासाठी मी तुला शिव्या घालणार होते तेच तो देतोय. मला आनंद झालेला नाही, पण तुझ्या पोराला छप्पर हवं आणि आईला उन्हातून घरात आणायला हवं. वाक्य खोटं आहे हे मला माहीत आहे. मी सही केलीय. मंगळवारी, अठराला, ये आणि आईला त्यांच्या ऑफिसात घेऊन जा. मला आता आणखी रजा मिळणार नाही, कालच्या बंद दुकानावरून मालक अजून धुसफुसतोय.

लोभ असू दे. माझ्यावर हसायचं असेल तर आल्यावर हस.
ताई


१३ मार्च

चि. ताई आणि चि. धाकटा,
दोघांना आशीर्वाद. एकच कागद दोघांना लिहितेय. ताई, तू आधी वाच, मग पाकिटात घाल. वाचताना शेजारच्या खोलीतून ओरडू नकोस, उत्तर द्यायचं असेल तर लिहून दे.

माझ्या डोक्यात कोणी काही घातलेलं नाही. तुम्ही दोघं एकमेकांना उगाच मान देताय.

मी तीस वर्षं थिएटरच्या तिकीटखिडकीत बसले. लोकांना माझी बोटं माहीत होती, तोंड कोणी बघितलं नाही. तोंडं बघायला ते आत जायचे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. अधूनमधून मशीन बिघडायचं आणि खेळ बंद पडायचा. मग त्याच खिडकीतून पैसे परत द्यायचे. लोक चिडलेले असायचे आणि शिव्या मला द्यायचे, मशीनला नाही. एकदा मॅनेजर कानाशी येऊन म्हणाला की तो पुढचा फार आरडाओरडा करतोय, त्याचे देऊन टाक आणि खिडकी लाव, बाकीचे जातील घरी. मी खिडकी लावली नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पैसे दिले. मोठं काही केलं नाही, ते कामच होतं.

हा मुलगा मला आरडाओरडा करणारी समजतो. माझे देऊन खिडकी लावणार आहे.

नर्स आणि टायरवाला माझं तोंड बघून आले. म्हणजे त्यांना तिकीट मी विकलं. त्या दोघांचे बुकिंगचे पैसे त्याने आधी माझ्यासमोर परत द्यावेत आणि बोर्ड उतरवावा. मग तो म्हणेल तिथे सही करते. मला व्याज नको. मंगळवारी हेच सांगणार आहे. आत्ताच कळवते, म्हणजे तिथे दचकायला नको.

धाकट्या, तुझे हप्ते मला कळतात. माझ्यामुळे सूनबाईला घर मिळायला उशीर होईल. तू रागावशील, ते बरोबरच आहे. पण माझ्यावरच रागव. तिच्यावर काढू नकोस.

तब्येतीला जपा.
आई


१८ मार्च, मंगळवार

ती. ताईस,
सा. न. तू दुकानातून येशील तेव्हा मी गाडीत असेन, म्हणून हे टेबलावर ठेवून जातोय. आई झोपलीय.

त्यांच्या ऑफिसची लिफ्ट बंद होती. काय बिघडलंय ते मला आवाजावरून कळलं. मी हात लावला नाही. आई जिना चढली, प्रत्येक मजल्यावर थांबत, आणि प्रत्येक मजल्यावर मी तिच्याशी भांडलो. पत्र वाचल्यापासून साठलं होतं. मी म्हटलं की ती नर्स आपली कोण लागते, तू आपलं बघ, लोकांचं कशाला? ती म्हणाली की श्वास तर घेऊ दे.

बिल्डरने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग हसून म्हणाला, "आई, तुम्ही आपलं बघा ना. लोकांचं कशाला?"

ताई, शब्द न् शब्द माझा होता. जिन्यात मी हेच बोललो होतो, याच सुरात, आई हे सुद्धा लावून.

मग तो तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायला लागला, जशी काही ती खोलीत नाहीच. आईंचं वय बघता थांबणं तुम्हाला परवडणार नाही, आम्हाला परवडेल, असं म्हणाला. कागद माझ्याकडे सरकवला आणि सांगितलं की ही ऑफर आजच्यापुरती आहे. मी वाचला. आम्ही पूर्ण समाधानी आहोत, खाली तुझी सही. मला त्याचं टेबल उलटं करायचं होतं. आईने माझं मनगट धरलं होतं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. मी पेनाचं टोपण लावलं आणि एवढंच म्हणालो, "बोर्ड उतरवा." कागद उचलला आणि आम्ही खाली आलो.

तो टेबलावर ठेवलाय. मी फाडला नाही. सही तुझी आहे, काय करायचं ते तू ठरव.

घरमालकाला काय सांगायचं ते मला माहीत नाही. बायकोला फोन केला. ती एवढंच म्हणाली की ठेवते. तिचं चुकलं नाही. मी अजून चिडलेला आहे. आईवर, तुझ्यावर, त्याच्यावर, माझ्यावर. फक्त क्रम बदलत राहतो. वकिलीणबाईंना सांग की वसुलीचा अर्ज पुन्हा लावा, व्याजासकट, फी मी देतो.

दाराजवळ एक घडीचं स्टूल आहे, ते आत्ता बाजारातून आणलंय. रविवारी येतो आणि तिच्या शेजारी बसतो. किल्लीचं एक टोक मीच धरलं होतं.

लोभ असावा. आता व्याज सोडणार नाही.
धाकटा


१९ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ. कागद रात्रीच फाडला आणि केरात टाकला.

आज सकाळी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि त्यांनी बोर्ड उतरवला. आई आणि मी रस्त्याच्या पलीकडून बघत होतो. आपली तोंडं घडी घालून टेम्पोत टाकली. मग त्यांनी टेम्पोतून दुसरा काढला आणि त्याच चौकटीला बांधला. किल्ली तीच आहे. एक टोक एका तरुण मुलाने धरलंय, एक त्याच्या बायकोने, मध्ये टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ आहेत. मनापासून हसतायत.

आई खूप वेळ वर बघत उभी राहिली. मग तिने मला विचारलं की हे कुठे राहतात ते कसं कळेल. मी म्हटलं की मला दुकान उघडायचंय. ती माझ्याबरोबर घरी आली, शाल घेतली, दोन्ही स्टुलं उचलली आणि परत गेली.

ताई