मुनी, तोफ आणि सोमवारची बैठक

३ जून, सोमवार

अख्खा टेम्पो परत आला! इस्पितळानं आपल्या सगळ्या व्हीलचेअर माघारी धाडल्या. सांगाडे जुन्या मापाचे, सीट नव्या रुंद मापाचं — कापड झोळीसारखं लोंबतंय. पेशंट बसला की रुतलाच!

शिलाई खात्याच्या बाई — पाठीमागे सगळे त्यांना तोफ म्हणतात — कडाडल्या, "नवं माप मी स्वतः वेल्डिंगला जाऊन सांगितलंय!" वेल्डिंगचे मुख्य — फारसं बोलत नाहीत म्हणून सगळ्यांचे मुनी — नेहमीसारखे मान खाली घालून. शेवटी एवढंच, "मला कुणी काही सांगितलं नाही." दोघांत खोटं कोण? आणि जोडणीवाल्यांनी त्या झोळ्या मुकाट जोडल्या कशा? म्हणे, "आम्हाला कोण विचारतं, ताई!"

दादा इस्पितळात हातापाया पडून आला. एक संधी मिळाली. याही वेळी चुकलं तर कारखान्याला कुलूप. बाबांनी उभा केलेला कारखाना!

५ जून, बुधवार

कोण विचारतं — डोक्यातून जातच नाही. खरंच, कोण विचारतं?

ठरलं. दर सोमवारी सकाळी सगळ्यांची उभ्या उभ्या बैठक. शिवाय एकेकाशी एकट्यानं बोलायचं, दार लावून, घाई न करता. दादा म्हणाला, "गप्पांनी व्हीलचेअर बनत नाहीत." म्हटलं, न बोलता बनवलेल्या बघितल्यास ना टेम्पोतून उतरताना!

१० जून, सोमवार

पहिली बैठक. फज्जा! सगळे भिंतीला पाठ लावून. "काही अडचण?" "नाही." "काही सुचवायचंय?" "नाही." कॉम्प्रेसर तेवढा बोलत होता. तोफसुद्धा गप्प — आजवर घडलं नव्हतं असं. दादा जिना चढताना हसला. हसू दे.

१३ जून, गुरुवार

एकट्यानं मात्र लोक बोलतात! पॅकिंगच्या वहिनी आधी खुर्चीच्या टोकावर बसल्या, मग उठायलाच तयार नाहीत. खोकी लहान पडतात म्हणून जोडलेले पायठेवे रोज सोडवून बसतात बिचाऱ्या. "कुणाला सांगितलंत?" "कुणाला सांगायचं?" दुपारीच मोठी खोकी मागवली. एवढंसं काम!

तोफबाई बोलल्या ते घराबद्दल. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक परगावी. "घरी भांडायलाही कुणी नाही हो."

१४ जून, शुक्रवार

मुनींची पाळी. मी विचारलं, "काय म्हणता?" ते म्हणाले, "हो." मी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" ते म्हणाले, "हो, होईल वेळेत."

तेव्हा लक्षात आलं. ते माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होते! मी उठले, त्यांच्या शेजारी जाऊन बसले, सावकाश मोठ्यानं विचारलं — तुम्हाला ऐकू येत नाही का?

दार लागलंय ना, ते त्यांनी वळून बघितलं. मग म्हणाले, "कमी येतं. मशिनं चालू असली की काहीच नाही." आणि हळूच, "सांगितलं असतं तर काढून टाकलं असतंत ना?"

उभं आयुष्य हातोड्यांच्या आवाजात गेलं माणसाचं. कानही तिथंच गेले. आणि लोकांनी नाव ठेवलं — मुनी! घरी एकटेच, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. म्हटलं, "तुम्हाला काढलं तर सांगाडे काय मी जोडणार? उद्या कान तपासायला जायचं." "आणि बाकीच्यांना?" "तुम्ही म्हणाल तरच."

१७ जून, सोमवार

स्वतःच सांगितलं! आज मी आधी मशिनं बंद करायला लावली. त्या शांततेत मुनी म्हणाले, "मला कमी ऐकू येतं. बाईंनी माप सांगितलं असणार. मला पोचलं नाही."

सगळे तोफेकडे बघायला लागले. आता उडणार! बाई लालबुंद. "अहो, मग इतकी वर्षं मी भांडत होते ते कुणाशी?"

कारखाना हसला! सगळ्यांत मोठ्यानं मुनी. मग बाईंनीच सुचवलं — मापं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायची, आणि पहिली व्हीलचेअर दोन्ही खात्यांनी मिळून जोडायची, मगच पुढच्या. जोडणीवाले म्हणाले, आम्हीही बसून बघू तिच्यात. मला तोंड उघडावंच लागलं नाही!

२४ जून, सोमवार

मुनींना कानाचं यंत्र बसलं. डॉक्टरकडे बाई गेल्या होत्या बरोबर, आपणहून. मुनी म्हणतात, आपला कॉम्प्रेसर इतका भिकार ओरडतो हे माहीतच नव्हतं. बाई म्हणतात, "आता भांडायला मजा येईल."

५ जुलै, शुक्रवार

पास! सगळ्या पास!! इस्पितळाचा माणूस एकेकीत स्वतः बसला, गोल फिरला, हात सोडून मागे रेलला. एकही परत नाही! वर विचारतो, मुलांच्या वॉर्डासाठी लहान बनवाल का? मी दादाकडे बघितलं. दादा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सोमवारच्या बैठकीत विचारून सांगतो."

दादा!!

१९ ऑगस्ट, सोमवार

बैठक संपताना विचारलं, "आणखी काही?" मुनी पुढे आले. मागोमाग बाई — नजर खाली! मुनीच बोलले, खणखणीत. "पुढच्या महिन्यात आम्ही दोघं लग्न करतोय. सुट्टी हवी."

दादाचा चहा सांडला. दोन खात्यांत बोलणं वाढवा म्हटलं होतं मी — पण इतकं!