शेजाऱ्यांचा पुठ्ठा

५ मार्च, गुरुवार
कालच्या नोंदीत दुरुस्ती. चूक दुपारी चारला सापडली असं लिहिलंय. ती सकाळी अकरालाच सापडली होती. अकरा ते चार मी पेन्सिलींना टोक काढत होते. निदान रोजनिशीत तरी खोटं नको.
चूक अशी: निर्यातीच्या तक्त्यात आपल्या देशाचा कागद आणि पुठ्ठा दोन्ही धरले, सत्तेचाळीस कोटी डॉलर. शेजारच्या देशाचा नुसता कागद धरला, अडतीस. त्यांचा चोवीस कोटींचा पुठ्ठा राहूनच गेला. म्हणजे आपण नऊने पुढे नाही, पंधराने मागे. आणि १२ तारखेला कागद व्यापाऱ्यांच्या परिषदेत साहेब हाच तक्ता दाखवून भाषण ठोकणार. समोर दोन्ही देशांचे लोक.
उद्या सकाळी दहाला सांगणार. ठरलं.

६ मार्च, शुक्रवार
नाही सांगितलं. कारण भक्कम आहे. बाराव्या वर्षापर्यंत माझी शाळा म्हणजे घरचं जेवणाचं टेबल आणि शिक्षक म्हणजे बाबा. त्यांचा नियम: चूक कबूल करायची ती सुधारलेली प्रत हातात घेऊनच. तेव्हा आधी स्वच्छ प्रत. आज समास आखून झाला.

९ मार्च, सोमवार
प्रत तयार, दुसऱ्या खेपेला. पण साहेब खुशीत होते. खुशीतल्या माणसाचा मूड कशाला घालवा?
आईने विचारलं, सांगितलंस का गं? म्हटलं, जवळजवळ. आई म्हणाली, जवळजवळ म्हणजे काय, दारापाशी जाऊन खोकलीस?
हिला कसं कळलं?

१० मार्च, मंगळवार
साहेब चिडलेले. अशा माणसाला आणखी धक्का देणं म्हणजे निर्दयपणा. शिवाय प्रतीत खाडाखोड दिसली. तिसऱ्यांदा लिहायला घेतली.
तक्ते रंगवणाऱ्या काकांनी भलामोठा तक्ता केलाय. आपला खांब हिरवागार, शेजाऱ्यांचा बिचारा करडा. म्हणाले, पोरी, आकडे तू बघ हं, माझा फक्त ब्रश. मी म्हटलं, छान दिसतंय. हे खोटं नाही. छान दिसतच होतं.

११ मार्च, बुधवार
चौथी प्रत. निर्दोष. उद्या भाषण अकराला, साहेब साडेदहाला येणार. अर्धा तास म्हणजे चिक्कार झाला.

१२ मार्च, गुरुवार
साहेब दहा पन्नासला आले. दहा मिनिटांत एवढी सुबक प्रत कोण वाचणार?
भाषण फर्मास झालं. टाळ्या. मग शेजारच्या देशाचे एक पाहुणे उठले आणि गोड आवाजात म्हणाले, अभिनंदन! पण आमचा पुठ्ठा कुठे ठेवलात? सगळं सभागृह हसलं. साहेब तक्त्याकडे बघत राहिले, काका माझ्याकडे, मी चपलांकडे.

१३ मार्च, शुक्रवार
साहेबांनी विचारलं, हा घोळ कुणाचा? मी फाइल घेऊन उठतच होते. (दुरुस्ती: उठत नव्हते. फाइल शोधत होते. ती मांडीवर होती.) तेवढ्यात काका म्हणाले, माझाच. खांबाला जागा पुरेना, पुठ्ठा गाळला. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षीपासून तक्ते बाहेरून करून घेऊ.
काकांना जिन्यात गाठून प्रत दाखवली. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. म्हणाले, अक्षर काय सुरेख आहे गं तुझं! आणि ब्रश धुवायला गेले.
आता मात्र सांगणारच. फक्त पाचवी प्रत करावी लागेल. ‘काकांचा यात दोष नाही’ ही ओळ आधीच्या चारांत नाही. दोन दिवस सुट्टीचे आहेत, पुरतील.
सोमवार, १६ मार्च, सकाळी दहा.